रिकामी मलई

३ नोव्हेंबर
नोकरीसाठी लुंडला आले. खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. मला एवढं पुरे. काम आवडलं: सुईशिवाय लस. लसीचा रेणू मोठा, कातडी त्याला आत घेत नाही. म्हणून तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांची मलई करायची. ती कातडीचं दार किलकिलं करते. माझी बहीण ईल्वा लवकरच बाळंत होईल. तिच्या बाळाला सुई टोचू द्यायची नाही, असं मी ठरवलं आहे.

इथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी मलई चोळतात. प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी बाई गुनव्होर म्हणाली, घाबरतेस काय पोरी, रिकामी आहे, औषध नाही त्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डाव्या हाताला चोळली. लाली नाही, खाज नाही.

७ नोव्हेंबर
शुक्रवारची कॉफी. गुनव्होरने वेलचीचे पाव आणले होते. डाव्या हातात पाव घेतला आणि तोंडात वेलची आली. चावण्यापूर्वी. पुन्हा करून पाहिलं, तेच. सांगितल्यावर गुनव्होर हसली. बरंच झालं, म्हणाली, दात शाबूत राहतील तुझे.

१२ नोव्हेंबर
हात धुतला की जिभेवर साबण. हातमोजा घातला की रबर. सायकलची मूठ धरली की लोखंड.
मलई रिकामी होती हे खरं. पण दार मलईच उघडते, औषध नव्हे. नव्या खेपेची पहिली बोटभर मलई मलाच लागली. दार मिटलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
गुनव्होरने तपासायला माझा हात हातात घेतला. मीठ. मग लोखंड. मग काहीतरी गोड. मला हात सोडवावासा वाटला नाही. तिनेच ओरडून आपला हात ओढून घेतला.

१७ नोव्हेंबर
गुनव्होर आली नाही. साहेब म्हणाले, तिची बोटं सुकल्या सफरचंदासारखी झालीत.
ईल्वाला मुलगी झाली. डीसा. बघायला ये म्हणते. सर्दी झालीय, असं कळवलं.

२१ नोव्हेंबर
पुन्हा ईल्वाचा फोन. लसवाली मावशी सर्दीला भिते होय, म्हणाली. मग मीच येते, म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. चिडली.
एकावर एक दोन हातमोजे. तरी रबराखाली — भूक.

२३ नोव्हेंबर
ईल्वा न कळवताच दारात. हातमोजे तिनेच ओढून काढले. माझी लेक काय परीक्षानळी आहे, म्हणाली. डीसाला माझ्या हातावर ठेवलं, अंघोळीला गेली. मी तिला हाका मारतेय — नळाच्या आवाजात ऐकू जात नाही —

डावा हात सुटत नाही. उजव्याने लिहि—

तोंडात दूध. कोमट. डीसा रडायची थांबली.

दूध संपलं. आता मीठ. आता लो—