एका बागेच्या दोन पेट्या

पावस

तीर्थस्वरूप आप्पांस हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार. गुहागरच्या दमट हवेत तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. (पावसची हवाही तितकीच दमट आहे, पण इथे निदान भांडायला मी आहे.) वहिनींनाही नमस्कार. आमच्याकडे सर्व ठीक, फक्त नीरजा माझ्याशी बोलत नाही. ती का, तेवढंच सांगायला हे पत्र.

तुमच्या पुतणीला जपानी येतं हे तुम्ही गावभर सांगितलेलंच आहे. तिला एका संग्रहालयाचं पहिलं मोठं काम मिळालं. जुन्या जपानी वस्तूंखाली लावायच्या इंग्रजी पाट्या लिहायच्या. वस्तू सगळ्या एकाच कालखंडातल्या, पण त्या कालखंडाला इंग्रजीत नावं दोन. एक 'एडो पिरियड', कारण कारभार एडो नावाच्या गावातून चाले (तेच आताचं टोकियो). दुसरं 'टोकुगावा पिरियड', कारण कारभार करणारं घराणं टोकुगावांचं. वर्षं तीच, माणसं तीच. यातलं कुठलं वापरू, असं तिने चहाच्या वेळी ओटीवर सहज विचारलं. आप्पा, आपल्या घरात असलं काही सहज विचारायचं नसतं.

आमची सौ. हेमा म्हणाली, गावाचं. गोदूआत्या (आंब्यांसाठी आली आहे, इतक्यात हलेलसं दिसत नाही) म्हणाली, "मेल्यांनो, राबलं कोण? गाव राबलं की माणसं?" हे जपानचं चाललेलं नाही हे एव्हाना कपबश्यांनाही कळलं होतं. आजोबांनी लावलेली बाग एकच. तुम्ही तिला आपल्या घराण्यावरून 'खांबेटे बाग' म्हणता, मी ती ज्या कातळमाळावर आहे त्यावरून 'सड्यावरची बाग'. मागल्या खेपेला फाटकावरच्या पाटीवरून आपलं वाजलं, तेव्हापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत आणि आंब्याच्या निम्म्या पेट्या तुम्ही ठेवलेल्या नावाने जातात, निम्म्या मी ठेवलेल्या. टेम्पोवाला अयूब तर गिऱ्हाइकांना बेधडक सांगतो की सड्यावरचा आंबा जरा गोड, पण टिकतो खांबेट्यांचा. (परवा मीही मान डोलावली.)

आत्याने नीरजाला विचारलं, त्या टोकुगावांना भाऊबंद होते काय? होते, तीन मोठ्या शाखा होत्या. आणि शेवटी? शेवटच्याने कारभार सोडून दिला. हे ऐकून आत्याने बशीतला चहा तसाच ठेवला आणि जपानातल्या त्या माणसाला अक्कल नव्हती म्हणाली.

आता माझं ऐका. नीरजा बँकेत गेली होती आणि कॉम्प्युटर उघडा होता. घरात दोन तट नकोत म्हणून मी न्यायाने वागलो. निम्म्या पाट्यांवर तिने लिहिलेलं एडो तसंच ठेवलं, निम्म्यांवर टोकुगावा घातलं, अगदी आपल्या पेट्यांसारखं. तिने आल्या आल्या, वीज जायच्या आत, न वाचता सगळं धाडून दिलं. संग्रहालयाचं उत्तर आलं: हे दोन वेगळे कालखंड आहेत काय, असल्यास आधी कुठला झाला, आणि जोडीतला एक पेला एडोतला, दुसरा टोकुगावातला, हे कसं? सोमवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर काम दुसऱ्या कुणाला देऊ.

नीरजाने बसून सगळीकडे एडो केलं. वस्तू त्या गावातल्या दुकानांच्या, घरांच्या आहेत म्हणून. काम वाचलं. मला मात्र म्हणाली, "बाबा, एका वस्तूला एक नाव ठेवता येतं, ते आधी घरात करून दाखवा. मग बोलू." तेव्हापासून जेवणाची ताटंसुद्धा आत्यामार्फत वाढली जातात. खरं सांगतो, पोरगी बोलेना की घर खायला उठतं. तुमच्या न बोलण्याची सवय झाली असं मला वाटत होतं. ती झालेली नाही.

कळावे, लोभ आहेच, तो दाखवावा.

तुमचा
हरिश्चंद्र

ता. क. पेट्यांवरची नावं छापणारा थांबला आहे. यंदा सगळ्यांवर 'खांबेटे बाग' घालू. तुमचं खरं. फाटकावरची पाटी ठोकायला मात्र तुम्ही स्वतः यायचं.

दुसरा ता. क. खाली बारीक अक्षरांत 'सड्यावरची' असेल. बारीक म्हणजे, रस्त्यावरून वाचता येईल इतकंच.

तिसरा ता. क. अयूबबरोबर एक पेटी पाठवतो आहे. तिच्यावरचं नाव नीरजाने खरवडून काढलं. आंबा खा आणि इथे येऊन सांगा, कुठल्या बागेतला.