सरोजिनीचं इंग्रजी मी निवडलं

२५ मे १९३१
भाची सरोजिनी मुलींच्या शाळंत मास्तरीण व्हायला निघालीय. गुरवारी हेड मडम इंग्रजीत प्रश्न विचारनार. नोकरी न्हाय लागली तर तिचा काका तिला बार्शीच्या बिजवराच्या गळ्यात बांधनार. बिजवराला दात कमी, पोरं जास्त. तयारी मीच घेनार.

२६ मे, दुपार
भाडेकरू चिंतामणी मास्तर तिला शिकवत हुते. मी दाराआड तांदूळ निवडत. म्हनाले, ‘रिटर्न बॅक’ म्हणू नकोस, ‘बॅक’ जादाचं. म्हंजे इंग्रजी तांदळासारखंच की! खडं येचलं की झालं. आता मास्तर नसलं तरी चालंल.

२७ मे
तिच्या उत्तरांतलं ‘प्लीज’ आन ‘थँक्यू’ येचून टाकलं. पानी दिलं म्हनून आपल्यात कुनी आभार मानतं व्हय? सरोजिनी म्हनाली, मावशी, मास्तर ठेव म्हणतात. म्हनलं, मास्तरला बिजवराशी लगीन करायचं न्हाय, तुला हाय. तिनं वही मिटली.

२८ मे, सकाळ
जिभेला लगाम घातला. आज कुनाची थट्टा करायची न्हाय. टांगेवाला सोडून.

संध्याकाळ
झकास! मडमनं पानी दिलं, पोरगी गुमान प्याली. नोकरी का पायजे? पोरगी म्हनली, ‘मनी’. बास! मडम वाट बघत बसली. मग शेजारी बसलेल्या माज्याकडं वळून लांबलचक कायतरी बोलली. मी नुसती मान हलवली. एवढं शुद्ध इंग्रजी सोलापुरात कुनी बोललं नसंल. टांग्यात पोरगी तोंड फिरवून रडत हुती. आनंदानंच.

३० मे
शाळंचा निरोप न्हाय. काकाचा आला: उद्या बिजवर बघायला येतोय. सरोजिनी जेवली न्हाय. मी देवाला नारळ बोलले. भीती म्हनून न्हवं, आपली रीत.

३१ मे, सकाळ
सरोजिनी न सांगता गेली. कुटं गेली? आडात वाकून बघून आले.

दुपार
आली! मडमच्या बंगल्यावर गेलती. माफी मागितली, समदी उत्तरं नव्यानं दिली, प्लीज-थँक्यू घालून. नोकरी लागली! काकाला सांगितलं, बिजवर दारातनंच वापस न्या. पाया माजाच की!

१ जून
आज कळलं. काल बंगल्यावर मडमनं इचारलं, त्या दिवशीच्या मुक्या बाई कोन? सरोजिनी घाबरून म्हनाली, येस, माय आंटी, तिनंच शिकवलं. मडमला लई दया आली. म्हनाली, मुकी असून पोरीला शिकवलं! आता दर शनवारी मला चहाला बोलावलंय. बोलले तर सरोजिनी खोटी पडनार, नोकरी जानार. आन मडमची टोपी हुबेहूब कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखी हाय, त्ये मी आता कुनाला सांगू?