सफ्ताबाईंच्या पत्त्यावर

वाल्या-कोर्नुलुई,
१२ मे २००७

ती. सौ. ओतिलियाताईस,
सेवरचा सा. न. वि. वि.

बोलोन्याहून येणाऱ्या शनिवारच्या मिनीबसने तुझे पार्सल पोचले. कॉफी आईने पाहुण्यांसाठी लपवली आहे, घरच्यांनी वासावर भागवायचे. हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, कारण कचेरीतला फोन सचिव पिर्वूबाईंच्या टेबलावर असतो आणि त्यांचे कान तिखट आहेत.

तुझी मैत्रीण दोइना, तिची मुलगी मिरुना आता सात वर्षांची. दवाखान्यातल्या नर्सची वही दर महिन्याला नोंदीसाठी कचेरीत माझ्याकडे येते. फेब्रुवारीत मिरुनाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. एप्रिलमध्ये मनगट सुजलेले, कारण म्हणे चेरीच्या झाडावरून पडली. ताई, एप्रिलमध्ये चेरीला नुसता फुलोरा असतो. तेव्हा झाडावर कोण पोर चढेल?

मी दोन्ही नोंदी जिल्ह्याला पाठवल्या. बालसंरक्षणाचे निरीक्षक आले आणि कागदावरच्या पत्त्यावर गेले. तुझ्यासारखीच इटलीत कामाला जाताना दोइनाने नियमाप्रमाणे लिहून दिले होते की मुलगी सासूबाई सफ्ताबाईंकडे राहील. सफ्ताबाईंना पुरून सात महिने झाले. त्यांच्या घराला कुलूप आहे. मुलगी चर्चमागे तोआदेरकडे, म्हणजे दोइनाच्या दिराकडे राहते. मी निरीक्षकांना ते फाटक बोटाने दाखवले. ते म्हणाले की भेट फॉर्मवरच्या घरी द्यायची असते, गावभर हिंडायचे नसते. शेऱ्यात लिहिले की कोणी भेटले नाही. असे तीनदा झाले की फाइल बंद.

पोरीचा बाप हयात नाही, तेव्हा पत्ता फक्त आई बदलू शकते. गुरुवारी दुपारी तुम्हां दोघींना सुट्टी असते, तेव्हा तिच्याकडून दोन ओळी आणि सही घे. उशीर करू नकोस.

तुझा लोभ आहेच, त्यात या कामाचीही भर पडावी.

तुझा,
सेवर

बोलोन्या, २५ मे २००७

चि. सेवर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून वाटले, घराची कडी तीनदा तपासणारा आमचा सेवर आता सगळ्या गावाच्या कड्या तपासू लागला. रागावू नकोस. अरे, तोआदेर आमचे धर्मपिता. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर मुकुट धरून उभे राहिले, बाबा आजारी असताना लाकडे त्यांनीच आणून टाकली. पोरे पडतात, खरचटतात. तुला खात्री आहे ना?

दोइनाला सांगितले, तर ती बाकावर बसून रडत राहिली. ती स्वतः सरकारी अनाथगृहात वाढलेली. तिला वाटते, आपण लिहून दिले की पोरीला तिथेच नेऊन टाकतील. सही करणार नाही म्हणाली. मी काय करू? आणि पिर्वूबाईंना दुखवू नकोस, तुझी कारकुनाची नेमणूक जूनअखेरपर्यंतच आहे. आठवी शिकलेल्याला दुसरी खुर्ची कोण देणार?

आईला सांभाळ, स्वतःलाही.

तुझी,
ओतिलिया

वाल्या-कोर्नुलुई,
३ जून २००७

ती. सौ. ताईस,
सेवरचा सा. न. वि. वि.

खात्री आहे. परवा एक जूनला, बालदिनाला, कचेरीच्या अंगणात पोरे खडूने चित्रे काढत होती. मिरुना डाव्या हाताने काढत होती. उजवा नुसता लटकत होता. मी विचारले, तर तोआदेरकाका पट्टा काढतात म्हणाली, आणि लगेच म्हणाली की आपण काही बोललोच नाही.

दुसरी भेटही झाली. पुन्हा कुलूप, पुन्हा तोच शेरा. तिसरी वीस तारखेला आहे. वर तोआदेर वाइनचा घडा घेऊन कचेरीत आले, सगळ्यांना पाजली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की पोराचे अक्षर काय सुरेख आहे, मयताच्या फुलचक्रांवरच्या फितींवर लिहायला बरे. पिर्वूबाई खो खो हसल्या. त्यांच्या मुलीचेही धर्मपिता तेच. या गावात कोणाविरुद्ध लिहायचे म्हटले, की तो कोणाचा तरी धर्मपिता निघतो!

सोबत एक कागद आहे. फेब्रुवारी आणि एप्रिलची नोंद, तारखांसह, आणि परवा मी पाहिले-ऐकले ते. खाली माझी सही आहे. दोइनाला वाचून दाखव, शब्द मऊ करू नकोस. आणि आई स्वतः सांभाळायला उभी राहिली तर पोरीला अनाथगृहात नेत नाहीत, हेही सांग. नियम मी दोनदा वाचला आहे.

रागात लिहिले, म्हणून माया कमी करू नये.

तुझा,
सेवर

बोलोन्या, १४ जून २००७

चि. सेवर यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवले. या वेळी दोइना रडली नाही. एप्रिलमधली तारीख तिने पुन्हा वाचायला लावली. त्या संध्याकाळी तिने फोन केला होता, आणि मिरुना झोपली आहे असे तोआदेर म्हणाले होते.

सही तिने केलेली नाही. ज्या मिनीबसने हे पत्र येते आहे, त्याच मिनीबसमध्ये ती बसली आहे. पत्र हाती पडताच नर्सला बोलाव आणि दोइनाबरोबर जा. तोआदेरना आमच्या घरून यापुढे धर्मपित्याच्या मानाची ईस्टरची अंडी जाणार नाहीत, हे आईला मीच कळवते.

तुझ्यावर शंका घेतली, ती पोटात घाल.

तुझी,
ओतिलिया

वाल्या-कोर्नुलुई,
२२ जून २००७

ती. सौ. ताईस,
सेवरचा सा. न. वि. वि.

नर्सची वाट न पाहता दोइना थांब्यावरून थेट तोआदेरच्या घरी गेली. पोरीची पिशवीसुद्धा मागितली नाही, हात धरून बाहेर आली. मनगटाचे हाड मोडून वाकडे जुळले होते. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी ते पुन्हा सरळ बसवून प्लास्टर घातले. राहायला दोघी सफ्ताबाईंचे घर उघडून गेल्या. मला बरे वाटले, आणि तिथेच चुकले.

वीस तारखेला निरीक्षक त्याच पत्त्यावर गेले. मायलेकी घरात. त्यांनी लिहिले की मुलगी नोंदलेल्या पत्त्यावर आईजवळ आढळली, हात झाडावरून पडून मोडल्याचे आधीच नमूद, तक्रारीत तथ्य नाही. दोइनाने तोआदेरचे नाव सांगितले, तर म्हणाले की बाई, दुसऱ्या घरासाठी यात रकाना नाही. तेव्हा तिने कागद ओढून घेतला आणि त्यावर आडवे, मोठ्या अक्षरांत, तोआदेरचे नाव, घर आणि पट्टा, सगळे लिहिले.

निरीक्षक कागद घेऊन कचेरीत आले, फॉर्म खराब झाला म्हणून ओरडत. पिर्वूबाई म्हणाल्या की फाडा आणि दुसरा घ्या. मी म्हणालो की फॉर्मवर छापील क्रमांक आहे, फाडेल त्याने कारण लेखी द्यायचे. मी त्यांच्यापुढे पेन धरले. दोघांनीही घेतले नाही. मग मी तो आवक-जावक वहीत चढवला, डॉक्टरांचा दाखला आणि माझा कागद जोडला, आणि जिल्ह्याच्या पत्त्यावर पोस्टात स्वतः टाकून पावती घेतली. उत्तराला तीस दिवस. तोआदेर अजून चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभे राहतात आणि लोक त्यांना आधी नमस्कार करतात.

जुलैपासून येऊ नकोस, असे पिर्वूबाईंनी सांगितले आहे. आईला अजून बोललेलो नाही.

काल संध्याकाळी मी दोइनाकडे दूध द्यायला गेलो. फाटक वाजले तशी मिरुना पलंगाखाली गेली. दोइना म्हणाली की सेवर आहे. पोरीला बाहेर यायला बराच वेळ लागला, पण आली.

तुझी माया दूर असूनही पोचते, ती अशीच पोचत राहो.

तुझा,
सेवर