मोटार सोळा बोटं उंच

१२ जुलै १९३८, मंगळवार

आजपासून डायरी. मोठं काम हाती घेणाऱ्यानं डायरी ठेवावी, असं हैदराबादचा ओव्हरसियर सांगायचा. ही मोटार त्याच्याकडूनच घेतली. तेरा वर्षांची आहे, पण आवाज ऐकून कुणी सातच्या वर म्हणणार नाही. मागं पत्र्याची पेटी, त्यात माणसांची बाकं, वर लाकडी छत. आमच्या गावात दुसरी मोटार नाही.

दोष एकच. पोट जमिनीला फार जवळ. इकडच्या वाटा बैलगाड्यांनी केलेल्या. दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा वरंबा. मोटारीची चाकं चाकोरीत उतरतात आणि पोट वरंब्यावर टेकतं. वैशाखात जिंतूरला, सासुरवाडीला, निघालो तेव्हा ओढ्याच्या अलीकडेच बसली. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती. आबासाहेब पाटलांच्या बैलांनी ओढून परत आणली. लोक हसले. हसू देत.

निश्चय : मोटार आठ बोटं उंच करायची. पंधरा दिवसांत जिंतूर.

१४ जुलै

आईची रोजची कटकट. मनकर्णा बाळंतपणाला माहेरी गेली, पौषात मुलगा झाला, आणि मी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही, हे मला ठाऊक नाही असं समजून आई ते रोज सांगते. पण बारशालाच मी सासऱ्यांना, किशनरावांना, कळवून ठेवलं होतं की येईन तर मोटारीनंच. शब्द म्हणजे शब्द.

आई म्हणाली, गाडी जुंपून देते, लेकराला बघून तरी ये. मी म्हणालो, शब्द दिलाय. तर म्हणे, पण तुला मागितला कुणी व्हता?

आईला तत्त्व कळत नाही.

१९ जुलै

किशनरावांची चिठ्ठी. श्रावण सरायच्या आत घेऊन जा, भादव्यात पितृपक्ष येतो, मग आम्ही दिवाळीनंतरच पाठवू. श्रावण सरतो पोळ्याला, म्हणजे २५ ऑगस्टला. पाच आठवडे हातात आहेत. भरपूर.

२१ जुलै

चाकांवरच्या नव्या उंच कमानींची, म्हणजे स्प्रिंगांची, चौकशी केली. त्या किमतीत बैलजोडी येते. माझं बजेट निजामाचे अकरा हाली रुपये.

रात्रभर विचार करून इलाज काढला. आस आणि कमान यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालायचे, वर बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेच्या पट्ट्या आवळायच्या. सटवाजी सुताराला बोलावलं. उभा जन्म बैलगाड्या केलेला माणूस. मोटारीला आधी हात जोडले, मग खाली शिरला. बाहेर येऊन म्हणाला, हुईल मालक, पण लाकूड चांगलं पायजे.

२६ जुलै

लाकूड मिळालं. माळ्यावर सागवान होतं, बाळाच्या पाळण्यासाठी ठेवलेलं. बाळ आता सात महिन्यांचं. पाळण्याचं वय जवळजवळ सरलंच. आई दिवसभर बोलली नाही. घरात शांतता होती, काम झपाट्यानं झालं.

३ ऑगस्ट

आठ बोटं उंच झाली! मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. पोट कुठं टेकलं नाही. (देवळापर्यंत फरशी आहे. पण तत्त्व सिद्ध झालं.)

परत येताना मागच्या दोन्ही ट्यूबा फुटल्या. नव्या परवडत नाहीत. चारही टायरांत कडब्याची कुट्टी ठासून भरली. आता पंक्चरची फिकीरच मिटली. इतकी साधी गोष्ट विलायतेत कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.

६ ऑगस्ट

ओढ्याकडची वाट चालत जाऊन पाहिली. पावसानं चाकोऱ्या आणखी खोल गेल्यात. आठ बोटं पुरणार नाहीत. सोळा करायची. क्लिअरन्सच्या, म्हणजे पोटाखालच्या मोकळ्या जागेच्या, बाबतीत कंजुषी नको.

सटवाजी म्हणाला, लय उंच हुईल. वेशीचं काय करायचं? मी म्हणालो, पोळ्याचं तोरण बांधायला अजून अठरा दिवस आहेत, तू तुझं काम कर. तो छताकडे बोट दाखवत राहिला. सुतार माणसाला सणाची फार काळजी.

१५ ऑगस्ट

सोळा बोटं. चढायला पाट ठेवावा लागतो. वरून गाव वेगळंच दिसतं. समोरची काच फुटली होती, तिथं खिडकीची लोखंडी जाळी ठोकली. सटवाजीनं वेशीचं परत काढलं. मी ऐकून घेतलं नाही. एकच गोष्ट दोनदा बोलणाऱ्या माणसाला आपण काय सांगणार.

२० ऑगस्ट

पाऊस. चिखल. निघणं नाही. आई म्हणाली, पायी तरी जा. मी म्हणालो, सोळा बोटांचं काम करून पायी?

२४ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ७

दोन दिवस ऊन आहे. निघतो. आईनं बाळासाठी अंगडं-टोपडं दिलं. मी ते बारशाच्या मापाचं आहे म्हणालो. ती म्हणाली, मला तरी कुठं ठाऊक हाय केवढा झालाय त्यो.

७.३५

मोटार वेशीत आहे.

उतारावर वेग चांगला आला होता. छत वेशीच्या कमानीच्या दगडांत घुसलं आणि एंजिन बंद पडलं. पुढं जात नाही, मागं येत नाही. दोन्ही दारं वेशीच्या भिंतींना टेकलीत, उघडत नाहीत. समोर जाळी, चौकटीत अशी चेपलीय की निघत नाही. पाठीशी पेटीचा बंद पत्रा. मी आतच आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

९.००

वीस माणसांनी मागून ओढलं. हलली नाही. ठोकळ्यांची मजबुती यातून दिसून येते. कुणी म्हणालं, टायरातली हवा सोडा, खाली बसंल. सटवाजीनं सांगितलं, हवा कुठाय, कडबा हाय. लोक बराच वेळ हसत होते.

११.३०

आबासाहेब पाटील आले. उद्या पोळा, गावाला वेस एकच. सगळे बैल वेशीबाहेर जमतात आणि मानाचे म्हणून त्यांचे बैल तोरणाखालून आधी आत येतात. म्हणाले, व्यंकटराव, छत कापा. मी नकार दिला. छत कापलेली मोटार घेऊन सासुरवाडीला कसं जायचं? बैल लावून ओढा म्हणालो. ते म्हणाले, आज खांदेमळणी हाय, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लागली, आता पोळा होईस्तोवर कोण जू ठिवल त्येंच्यावर?

खरं आहे. कुणीच ठेवणार नाही.

माणसं मोटारीखालून सरपटत ये-जा करू लागलीत. डोक्यावरचं ओझं तेवढं उतरवतात. क्लिअरन्सबद्दल आता कुणाला शंका नसावी.

दुपारी ३

आईनं जाळीतून भाकरी दिली. घडी करून, तुकड्या-तुकड्यानं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

५.४०

समोरून बैलगाडी आली. किशनरावांची. श्रावण संपत आला, जावई येत नाही, म्हणून त्यांनी पहाटेच, खांदेमळणीच्या आधी, लेकीला पाठवून दिलं. मनकर्णा उतरली. वाळलीय. कडेवर मूल. चांगलं थोरलं, काळ्या केसांचं. इतकं मोठं असेल असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

मी जाळीतून हाक मारली. ती जवळ आली, वर बघितलं, म्हणाली, उतरा की खाली. मी म्हणालो, जरा अडचण आहे.

तिनं वाकून खाली बघितलं. पोराला फरशीवर ठेवलं. पलीकडून आई टाळ्या वाजवून बोलवत होती. आणि ते पोरगं रांगत निघालं. सरळ माझ्याकडे. जाळीपाशी हात पुढं केला तोवर ते खाली शिरलं. माझ्या पायांखालून त्याच्या हातांचा थपथप आवाज गेला, मध्ये एकदा थांबला, हुंकारला, परत निघाला. मागं पत्रा आहे, मला दिसलं नाही. आई रडत हसत होती एवढं ऐकू आलं. मागोमाग मनकर्णा सरपटत गेली. तिला विचारलं, कधीपासून रांगायला लागला? खालूनच म्हणाली, महिना झाला.

६.३०

सटवाजीला हाक मारली, छत काप म्हणालो. तो म्हणाला, आता बैलांची वेळ हाय मालक, उजाडताच येतो. मोटारीपाशी कुणी नाही. सगळे आमच्या घरी बाळ बघायला गेलेत. इथून आमचं घर पन्नास पावलांवर आहे. तिकडचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

मला फार रडू येतंय. लिहून ठेवतो.

जिंतूर इथून पायी एका दिवसाची वाट. पहाटे निघालं की दिवेलागणीला पोचता येतं. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.