संजीवनीची मशीन

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. संकल्प एकच. संजीवनीले महिनाभरात स्वावलंबी करायचं. अपघातापासून दीड वर्ष झालं, बायको व्हीलचेअरवर आहे. गाडी मीच चालवत होतो, पण चूक खड्ड्याची. फिजिओवाल्या मॅडम म्हणे, खांदे मजबूत झाले तर ह्या स्वतः खुर्चीवरून कमोडवर सरकतीन. खिडकीच्या गजाले रबर बांधा, रोज ओढू द्या. रबर! मोताळ्यात माझं काही नाव आहे का नाही? घरातल्या व्यायामाच्या सायकलची, हातानं फिरवायची मशीन बनवतो. डिझाइन डोक्यात फिट आहे.

१४ जानेवारी, सकाळी ११
संक्रांतीले उद्‌घाटन. गुलजारभाईचं वेल्डिंग एक नंबर. नारळ फोडला, रिबन कापली, स्टेटस टाकलं.
दुपारी : हिचे गुडघे हँडलले अडते. गुलजारभाई म्हणे, वहिनीले बसवून माप काऊन नाही घेतलं? सरप्राइज होतं ना! माप मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दिलं होतं. मापात चूक नाही. व्हीलचेअरच उंच आहे.

१९ जानेवारी
व्हीलचेअरचे पाय ठेवायचे पत्रे काढून टाकले. गुडघे खाली गेले. प्रॉब्लेम खतम. संजीवनी म्हणे, पाय घासून राह्यले, रबरच बांधा ना. सवय होईन, म्हटलं.

२ फेब्रुवारी
हँडल ओढलं की खुर्चीच सरकते. चाकं काढली, खुर्ची विटांवर बसवली. आता हलायचं नाव नाही. ती म्हणे, मले संडासले जायाचं असलं तर? आवाज दे, मी आहेच, म्हटलं. तर म्हणे, तेच तर बंद करायचं होतं. टेक्निकल गोष्ट बाईमाणसाले समजत नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
अर्ध्या तासात येतो सांगून बाजारात गेलो. चौकात सगळे मशीनचंच विचारे. सांगा लागलं. साडेतीन तास गेले.
घरी खुर्ची रिकामी. संजीवनी न्हाणीच्या अलीकडे, फरशीवर. कोपरं सोललेली. गाऊन ओला.
तरी माजघरापासून हातावर आली! म्हणजे खांदे मजबूत झाले. मी तसं म्हणूनही दाखवलं.

९ फेब्रुवारी
हिचा भाऊ राजकुमार जानेफळवरून आला. दहा मिनिटांत चाकं बसवली, तिले घेऊन गेला. हवापालट चांगला असते. आठ दिवसांत येईन. तोवर मशीनले पेंट मारतो.

३० मार्च, रविवार
राजकुमारले फोन केला. म्हणे, खिडकीले सायकलची जुनी ट्यूब बांधली, ताई रोज ओढते. म्हटलं, दे तिले. म्हणे, न्हाणीत आहे. मोबाइल आत नेऊन दे बे, म्हटलं. म्हणे, दार आतून लावलं आहे.
मशीन पडूनच आहे. मीच बसलो. सहाव्या फेऱ्याले खांद्यात अशी चमक भरली, की उठताच येईना.
आवाज दिला. दोनदा.