आमचं दोन अँटेनांचं वायरलेस

८ जानेवारी २०१०, शुक्रवार
समोरचा किराणावाला राधाकिशन आज भर रस्त्यात म्हणाला, आप्पा, तुमचा नातू लई गोड हाय. यानं कुठं बघितला? तर आमच्या बायकोनं, शिवगंगेनं, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या वायरलेस नेटवरून पुण्याला लेकीशी, प्रणिताशी, व्हिडिओवर बोलून घेतलं. माझ्या नातवाचं तोंड माझ्याआधी त्यानं पाहिलं! जेवण गेलं न्हाई. दोनच भाकरी.
निश्चय: १७ तारखेला बाळाचं बोरन्हाण. ते आपल्या घरात, आपल्या वायरलेसवर बघायचं. राधाकिशनला बोलावून दाखवायचं.

१० जानेवारी
बीडला गेलतो. वायरलेसचा राउटर आणला. राधाकिशनच्याला एक अँटेना, आपल्याला दोन.
टेलिफोन कंपनीचा नेटचा मोडेम आपल्या भांड्यांच्या दुकानात आहेच. शिवगंगा म्हणते, त्याची वायर सरळ जावयाच्या जुन्या लॅपटॉपला लावा. बाईला इज्जतीचं काही न्हाई.

११ जानेवारी, सकाळी
राउटरच्या मागं चार पिवळी भोकं, एक निळं. निळं एकटंच कावून? फालतू असणार. धूळ नको म्हणून चिकटपट्टी लावली. मोडेमची वायर पहिल्या पिवळ्यात. वरून विभूती.
दुपारी. दुसऱ्या पिवळ्यात.

१३ जानेवारी, भोगी
चारही पिवळी झाली. दिवे लागतात, नेट न्हाई. दोष कंपनीचा.
शिवगंगा म्हणते, राधाकिशनभाऊंना विचारा, त्यांनी स्वतः जोडलंय. त्यापेक्षा मी बाळाचा फोटो पोस्टानं मागवीन.

१५ जानेवारी
शिवगंगा राधाकिशनच्या बायकोकडं, सावित्रीबाईंकडं हळदीकुंकवाला गेलती. वाणात प्लास्टिकचा डबा, आत चिठ्ठी. मी वाचली न्हाई. त्यांचं काय वाचायचं!

१६ जानेवारी
चालू झालं! परत विभूती लावली, शिवगंगेनं लॅपटॉप उघडला, नेट हजर. तिला म्हणालो, बघ. ती चहा ठेवायला गेली. सहा गिऱ्हाइकांना सांगितलं. राधाकिशनला आमंत्रण दिलं. लगेच हो म्हणाला. आतून जळला असणार.

१७ जानेवारी
राधाकिशन आधी आला. पडद्यावर बाळ, अंगावर हलव्याचे दागिने. प्रणितानं बोरांची ओंजळ डोक्यावर धरली. तेवढ्यात सावित्रीबाई आत आल्या आणि चित्र गेलं. मी कंपनीला शिव्या घातल्या. सावित्रीबाई म्हणाल्या, अगं बाई, निघताना सवयीनं घरचा मेन स्विच बंद केला, आणि पळत घरी गेल्या. चित्र आलं. बोरं सांडून झालेली.
मला काही कळेना. शिवगंगेनं वाणातली चिठ्ठी हातात दिली. राधाकिशनच्या वायरलेसचा पासवर्ड. म्हणजे कालपासून आपला लॅपटॉप त्याच्याच नेटवर!
राधाकिशन हसला न्हाई. हसला असता तर बरं झालं असतं. चिकटपट्टी काढली, वायर निळ्यात घातली, पाच मिनिटांत आमचं चालू. बाळ हसलं. माझ्याकडं न्हाई, त्याच्याकडं बघून.

१८ जानेवारी
परवा आमच्याकडं हळदीकुंकू. शिवगंगा सावित्रीबाईंना वाणात आमच्या वायरलेसचा पासवर्ड देणार. मीही म्हणालो, द्यायलाच पाहिजे, आपण काय कमी हाव का?
पासवर्ड राधाकिशननं टाकलाय. त्यालाच विचारायला चाललोय.