चिंचेले बांधलेला दवाखाना

९ मे २०१८

मी नर्स आहे, चहावाली नाही! ट्रस्टचे पाहुणे आले अन् मॅनेजरसाहेबांनी मलेच गॅससमोर उभं केलं. "खुशबू, तू इथलीच ना? मग होऊन जाऊ दे फक्कड चहा." इथलीच! गाव धरणात गेलं तेव्हा नाही कोणी म्हटलं, ही इथली आहे म्हणून.

नागपूरच्या नोकरीतून बिनपगारी सुटी काढून या तरत्या दवाखान्यावर सेवेले आली, ते एकाच कामासाठी. मायचा डोळा. उजवा हयगयीनं गेला. डाव्यात मोतीबिंदू पिकला आहे. या फेरीत ऑपरेशन नाही झालं तर बोट येणार थेट दिवाळीनंतर. तोवर डावाही जाईल.

बोट उभी आहे आमच्या जुन्या गावावरच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिंचेचा वाळका शेंडा वर येतो, त्यालेच दोर बांधला. याच चिंचेखाली गेली म्हणून लहानपणी मायचा मार खाल्ला होता! काठावरून पेशंट डोंग्यानं येतात. आजूबाजूच्या साऱ्या गावचे आले. आमच्या पुनर्वसनाच्या गावातली मात्र एकही बाई नाही. डॉक्टर अंकुर म्हणे, "तुमच्या गावाला फुकटचंही नको का हो?"

लाज वाटली. रागही आला, डॉक्टरचा नाही, गावाचा.

१० मे

घरी गेली. माझी माय, धुरपताबाई, म्हणजे निव्वळ दगड.

"उद्या चाल, डोळा दाखवू."

"नाई."

"काहून?"

"मन नाई."

मन नाई! हे काय कारण झालं? म्हटलं, सुईचं भेव वाटते का. तर म्हणे, "धानाच्या रोवण्यात सापावर पाय पडला माझा, मले सुईचं भेव दाखवते का वं?" मग कायचं भेव, ते सांग ना! नाही सांगितलं. ताटात वरण वाढलं तिनं — अर्धं ताटात, अर्धं भुईवर. दिसतच नाही बाईले! अन् म्हणे मन नाई.

१२ मे

ट्रस्टनं साऱ्या स्वयंसेवकांना धरण पाहाले नेलं. भजी खाल्ली, तळलेली मासोळी खाल्ली, भिंतीसमोर फोटो. मंजुषा मोहाडीच्या कोष्ट्याची पोर, बोटीवर गोळ्या वाटते. मनानं चांगली आहे. पाण्याकडं पाहून म्हणे, "किती शांत वाटतं ना इथं!"

शांत असणार नाही तर काय! कोंबडे बुडाले, कुत्रे बुडाले, गिरणी बुडाली. बोलणार कोण? हे मी तोंडावर म्हटलं. बिचारीच्या हातातली भजी तशीच राहिली. वाईट वाटलं, पण माफी नाही मागितली.

१३ मे

बोटीचा संडास पुन्हा तुंबला. पाईप मोकळा केला की सारं खाली पाण्यात, चिंचेच्या बुडाशी. शी! अन् वर पाटी — स्वच्छता हेच आरोग्य.

१४ मे

आज तर हद्द झाली. शेजारच्या मनकर्णाबाईचा हात धरून माय काठावर आली. मले वाटलं, जिंकली! डोंगेवाल्या श्रावणदादाले डोंगा न्यायले लावला, मीही गेली. माय आली होती डबा द्यायले. डोंग्यात बस म्हटलं तर पाठ फिरवून उभी.

मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर ओरडली, "आंधारातच मरायचं आहे का तुले? तुले एकच पोर आहे, तिचंही तोंड नको का पाहाले?"

मायनं डबा वाळूवर ठेवला अन् गेली. डब्यात सांभारवडी होती, माझ्या आवडीची. मी खाल्ली नाही. मंजुषाले देऊन टाकली.

१५ मे

आज मनकर्णाबाई एकटीच काठावर येऊन बसली. मले बोलावून म्हणे, "मायवर नको खेकसू. तुमचा दवाखाना कुठी बांधला, ठाऊक आहे का तुले? दात न आलेलं लेकरू जाळत नाईत, बाई. पुरतात. आपल्या गावचे सारे त्या चिंचेखाली आहेत. माझे दोन आहेत. त्याईच्या डोक्यावर बसून आम्ही गोळ्या खाव का?"

मले पाईप आठवला.

तरी म्हटलं, सांगितलं काहून नाही कोणी? "सांगाची गोष्ट आहे का वं ते? ज्या माईचं लेकरू, ते माय पण त्याचं नाव घेत नाई."

तशीच मी बोटीवर गेली, सारं सांगितलं, बोट इथून हलवा म्हटलं. मॅनेजरसाहेब म्हणे इथंच पाणी खोल आहे, दुसरीकडं गाळ. डॉक्टर हसले — "अंधश्रद्धा! तुम्ही तर शिकलेल्या आहात." म्हटलं, "सर, तुमच्या घरच्या कोणाच्या मातीवर संडासचा पाईप सोडू का? शिकलेलेच आहोत ना आपण?"

डॉक्टरच उठले, श्रावणदादाले म्हणाले, "सोडा दोर."

१६ मे

बोट पलीकडच्या टेकडीजवळ नेली. पाईपाखाली टाकी लावली. मॅनेजरसाहेब दिवसभर फुगून. फुगू दे!

दुपारपर्यंत आमच्या बायांची रांग लागली. मंजुषाच्या गोळ्या संपल्या. रांगेत शेवटी माय, नवं लुगडं नेसून. मले म्हणे, "चहा भेटते म्हणे तुमच्या बोटीवर." मी केला, आलं टाकून.

१७ मे

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणे चांगलं झालं.

१८ मे

पट्टी काढली. मायनं माझं तोंड पाहिलं, गालावरून हात फिरवला, "वाळली वं," म्हणाली. मग खिडकीतून चिंचेकडं पाहत राहिली.

"फांदीले दोराचा वळ पडला का वं?"

मी हाव म्हटलं.

"तुझ्या दादाले लागलं असन," म्हणाली.

मले दादा होता.